गावाने पब विकत घेतला, म्हणजे नेमकं काय घेतलं?

जुलै २०२५ मध्ये ब्रिटिश संसदेत एक विधेयक मांडलं गेलं. नाव लांबलचक: 'इंग्लिश डिव्होल्यूशन अँड कम्युनिटी एम्पॉवरमेंट बिल'. त्यातला बराचसा मजकूर महापौर आणि नगरपालिकांच्या अधिकारांबद्दल आहे. पण एक प्रस्ताव थेट खेड्यापाड्यांना भिडणारा आहे. गावातला पब, दुकान, सभागृह अशी लोकांच्या उपयोगाची वास्तू विकायला निघाली, तर ती घेण्याचा पहिला हक्क गावकऱ्यांच्या संस्थेला मिळावा, असं तो म्हणतो.

ही बातमी वाचून साहजिकच काही प्रश्न पडतात. संपन्न देशातल्या गावाला स्वतःचं दुकान वाचवायला कायदा का लागावा? आणि गावाने पब विकत घ्यायचा म्हणजे कुणी, कुणाच्या पैशाने?

इंग्लंडमधल्या खेड्याचं चित्र आपल्या डोळ्यांसमोर पक्कं असतं. दगडी घरं, चर्चचा मनोरा, मधे हिरवळ, कोपऱ्यावर पब. चित्र खोटं नाही. घरं आजही तशीच आहेत, उलट पूर्वीपेक्षा जास्त निगुतीने राखलेली आहेत. बदललं आहे ते त्या घरांत राहतं कोण, आणि सकाळी घराबाहेर पडल्यावर त्यांना जायला गावात काय उरलं आहे, हे. बाहेरून पाहणाऱ्याला हा बदल दिसत नाही, म्हणून तो समजून घ्यायला एका खऱ्या गावाचं उदाहरण घेऊ.

हडस्वेल: दोन वर्षं कुलूप

उत्तर यॉर्कशायरमध्ये स्वेल नदीच्या खोऱ्यावर, रिचमंड या जुन्या बाजारगावापासून दोनेक मैलांवर हडस्वेल आहे. वस्ती जेमतेम काही शे माणसांची. 'जॉर्ज अँड ड्रॅगन' हा गावातला एकुलता एक पब आर्थिक अडचणीत येऊन २००८ मध्ये बंद पडला. गावात दुकान नव्हतं. म्हणजे ठरवून भेटायला आणि न ठरवता भेट व्हायला जी एक जागा उरली होती, तिलाच कुलूप लागलं.

न ठरवता होणारी भेट मोलाची असते. कुणाच्या घरी नवं बाळ आलं, कोण आजारी आहे, कुणाला कामाला माणूस हवाय, हे सगळं अशाच भेटीत कळतं. ती जागा गेली की शेजारी शेजारीच राहतात, पण एकमेकांची खबर लागेनाशी होते. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसाला तर ते फारच जाणवतं.

हडस्वेलच्या रहिवाशांनी संस्था काढली, शेअर विकले, भांडवल जमवलं आणि २०१० मध्ये पब विकत घेतला. जूनमध्ये तो पुन्हा उघडला. उद्घाटनाला आले होते तेव्हाचे परराष्ट्रमंत्री आणि तिथले खासदार विल्यम हेग. तिथे नुसता बार सुरू झाला नाही. त्याच वास्तूत स्वयंसेवकांनी चालवलेलं छोटंसं दुकान आलं, पुस्तकांची कपाटं लावून ग्रंथालय आलं, मागच्या जागेत गावकऱ्यांना भाजी लावायला वाफे पाडले गेले. दूध, पाव, पुस्तक आणि गप्पा, सगळं एका दारातून. पुढे 'कॅमरा' या बिअरप्रेमी ग्राहकांच्या देशव्यापी संघटनेने २०१६ सालचा देशातला सर्वोत्तम पब म्हणून याच पबची निवड केली. लंडनच्या नामांकित पबांना मागे टाकून एका आडगावच्या, गावाच्या मालकीच्या पबने हा मान मिळवला, याचं मला आजही अप्रूप वाटतं.

हडस्वेल पहिलं मात्र नव्हे. कंब्रियातल्या हेस्केट न्यूमार्केट गावाने 'ओल्ड क्राउन' हा आपला पब २००३ मध्येच सहकारी तत्त्वावर घेतला होता. आज ब्रिटनमध्ये गावाच्या मालकीचे दीडशेहून अधिक पब आहेत, आणि अशा दुकानांची संख्या चारशेच्या आसपास आहे.

मुळात दारं बंद का होतात?

'सुपरमार्केट आलं, म्हणून दुकान गेलं' हे उत्तर खरं असलं तरी अपुरं आहे. गावातल्या सोयी एकमेकींच्या आधाराने उभ्या असतात, त्यामुळे त्या कोसळतातही एकीपाठोपाठ एक.

पोस्टाचंच बघा. इंग्लंडच्या गावात पोस्ट बहुधा किराणा दुकानातच असतं. दुकानदारच पोस्टमास्तर, आणि पोस्टाच्या कामाचा मोबदला मिळतो म्हणून त्याच्या दुकानाचं गणित जमतं. पेन्शन घ्यायला आलेली आजी जाताना पाव आणि चहापत्ती घेऊन जायची. २००३ पासून सरकारने पेन्शन आणि भत्ते थेट बँक खात्यात भरायला सुरुवात केली. सोय झाली, पण आजीची आठवड्याची फेरी थांबली. मग २००७ ते २००९ या काळात सरकारी कार्यक्रमाखाली देशभरात सुमारे अडीच हजार पोस्ट कार्यालयं बंद झाली. पोस्ट गेलं तिथे पुष्कळदा मागोमाग दुकानही गेलं.

बसचंही तसंच. १९८५ च्या वाहतूक कायद्याने लंडनबाहेरची बससेवा खासगी कंपन्यांच्या स्पर्धेसाठी खुली केली, आणि १९८६ पासून ते अमलात आलं. जिथे प्रवासी भरपूर तिथे कंपन्या धावल्या. आडगावच्या फेऱ्या स्थानिक प्रशासनाच्या अनुदानावर तगल्या, आणि प्रशासनाचा हात आखडला की त्याही कमी झाल्या. बस नाही म्हणून प्रत्येक घराला गाडी लागते. गाडी दारात आहे म्हटल्यावर माणूस आठवड्याचा बाजार शहरातल्या सुपरमार्केटातून करतो. गावातल्या दुकानात तो जातो ते मीठ संपलं तर. नुसत्या मिठावर दुकान चालत नाही.

पबची कारणं थोडी वेगळी. १९६७ पासून चालकांची श्वासचाचणी सुरू झाली, ती व्हायलाच हवी होती, पण आसपासच्या वाड्यावस्त्यांवरून गाडीने येणारं गिऱ्हाईक त्यामुळे कमी झालं. २००७ मध्ये आत धूम्रपानाला बंदी आली. दुकानात बिअर स्वस्त मिळू लागली.

आणि एक कारण आहे जे मला सगळ्यांत मोठं वाटतं: पब म्हणून त्या इमारतीला जी किंमत येते, त्यापेक्षा राहतं घर म्हणून जास्त येते. खोऱ्याचा देखावा, जाड दगडी भिंती, जुन्या तुळया. शहरातल्या पैसेवाल्या माणसाला हवं असलेलं घर हेच. मालकाच्या दृष्टीने बरा चालणारा पबसुद्धा बंद करून विकण्यात फायदा असू शकतो. त्यामुळे 'चालत नव्हता म्हणून बंद पडला' हे प्रत्येक वेळी खरं नसतं. मे २०१७ पासून इंग्लंडमध्ये पबचं रूपांतर करायला किंवा तो पाडायला नियोजन परवानगी घ्यावीच लागते. त्याआधी दुकान वगैरेसाठीचे काही बदल आणि पाडकाम परवानगीशिवायही करता येत होतं.

सगळं गाव मालक, म्हणजे कसं?

इथे मराठी वाचकाला फार समजावायला नको. आपल्या गावातली विकास सोसायटी डोळ्यांसमोर आणा. प्रत्येक सभासदाचा शेअर, दरवर्षी सर्वसाधारण सभा, निवडून आलेलं संचालक मंडळ, आणि शेअर कितीही असले तरी सभासदाला मत एकच. हडस्वेलसारख्या गावांचा मार्ग याच घराण्यातला, आणि हे साम्य योगायोगाने आलेलं नाही. १८४४ मध्ये लँकेशायरच्या रॉचडेल गावात काही विणकर आणि कारागिरांनी शुद्ध पीठ, लोणी, साखर रास्त भावात मिळावी म्हणून दुकान काढलं. त्यांनी घालून दिलेली तत्त्वं जगभरच्या सहकारी चळवळीने घेतली, आपल्याकडच्याही.

अशा कामासाठी इंग्लंडमध्ये बहुतेक वेळा 'कम्युनिटी बेनिफिट सोसायटी' नोंदवतात. सभासदांपुरता फायदा न बघता सगळ्या गावाचा फायदा बघायला बांधील असलेली सोसायटी, असा तिचा अर्थ. तिचा शेअर बाजारात विकता येत नाही आणि त्याचा भाव चढत नाही. पैसे परत हवे असतील तर संस्थेकडे मागायचे, आणि संस्थेची ऐपत असेल तेव्हा ती देते. थोडंफार व्याज मिळू शकतं, पण श्रीमंत व्हायचा हा रस्ता नव्हे. अशी सोसायटी आपल्या मालमत्तेला कायद्याने कुलूपही घालू शकते, म्हणजे उद्या सभासदांनी ठरवलं तरी पब विकून पैसे आपसांत वाटून घेता येत नाहीत.

मग रोज बिअर ओततं कोण? बहुतेक गावं हे काम स्वतः करत नाहीत. इमारत सोसायटीची, धंदा चालवणारा भाडेकरू चालक वेगळा. तो भाडं देतो, स्वयंपाकघर आणि बार सांभाळतो, नफातोटा त्याचा. भाड्यातून सोसायटी कर्ज फेडते, छप्पर दुरुस्त करते. हडस्वेलमध्येही अशीच रचना आहे. मालकी आणि धंदा वेगळे ठेवण्यात शहाणपण आहे: दोनशे मालकांनी मिळून रोजचा मेनू ठरवायचा म्हटलं तर पहिल्याच महिन्यात भांडणं लागतील.

दुकानाची तऱ्हा निराळी. तिथे बहुधा पगारी व्यवस्थापक एखादा आणि बाकी स्वयंसेवक असतात. आठवड्यातून दोन-तीन तास गल्ल्यावर बसायचं. पगाराचा बोजा नाही म्हणून जे दुकान एकट्या दुकानदाराला परवडलं नसतं ते गावाला परवडतं. १९१९ मध्ये होरेस प्लंकेट या आयरिश सहकार धुरीणाने स्थापलेलं प्लंकेट फाउंडेशन अशा गावांना कागदपत्रांपासून हिशेबापर्यंत मदत करतं.

कायदा आज काय देतो?

२०११ च्या 'लोकॅलिझम अ‍ॅक्ट'ने एक यादी सुरू केली. गावाच्या उपयोगाची वास्तू कोणती, हे गावकऱ्यांनी सुचवायचं आणि स्थानिक प्रशासनाने मान्य केलं तर तिचं नाव यादीत चढतं, पाच वर्षांसाठी. या यादीत नोंदला गेलेला पहिला पब खेड्यातला नव्हता. तो लंडनमधल्या नन्हेडचा 'आयव्ही हाउस' होता, २०१२ मध्ये.

यादीतली वास्तू मालकाला विकायची असेल तर आधी प्रशासनाला कळवावं लागतं. मग सहा आठवडे थांबायचं. तेवढ्यात एखाद्या स्थानिक गटाने 'आम्हाला घ्यायची आहे' असं कळवलं, तर थांबण्याची मुदत एकूण सहा महिने होते. या काळात गावाने पैसे उभे करायचे.

पण सहा महिने संपल्यावर मालक ती कुणालाही, कोणत्याही किमतीला विकू शकतो. गावाला बोली लावता येते, मालकाने ती स्वीकारलीच पाहिजे असं कुठेही म्हटलेलं नाही. गावाने रात्रीचा दिवस करून पैसे जमवले आणि मालकाने बांधकाम व्यावसायिकाला विकून टाकलं, तर दाद कुठेच नाही. नवं विधेयक नेमकं इथे हात घालतं. मुदत बारा महिन्यांची, पहिला हक्क गावाचा, आणि किमतीवर एकमत होईना तर स्वतंत्र मूल्यांककाने किंमत ठरवायची. स्कॉटलंडमध्ये ग्रामीण समाजांना असा हक्क २००३ च्या जमीन सुधारणा कायद्याने मिळाला. इंग्लंडला बावीस वर्षांनी जाग आली.

'यात मालकावर अन्याय नाही का?'

आक्षेप रास्त आहे. आयुष्यभर पब चालवून निवृत्त होणाऱ्या जोडप्याची सगळी पुंजी त्या इमारतीत असते. वर्षभर थांबणं त्यांना जड जाऊ शकतं. म्हणूनच यादीमुळे विलंब होऊन खासगी मालकाचं नुकसान झालं, तर त्याला आजच्या कायद्यातही प्रशासनाकडे भरपाई मागता येते. नव्या प्रस्तावातही वास्तू फुकट किंवा पडेल भावात घ्यायची सोय नाही, बाजारभाव द्यावाच लागतो. मालकाला पैसे पूर्ण मिळतात. फक्त कुणाला विकायचं हा निर्णय त्याच्या एकट्याचा राहत नाही.

'पबसाठी एवढा आटापिटा? दारूच ना शेवटी?'

आपल्याकडे हा प्रश्न येणारच, आणि दारूने मोडलेले संसार ज्यांनी पाहिलेत त्यांनी तो विचारायलाही हवा. पण इंग्लंडच्या खेड्यातल्या पबचं काम वेगळं आहे. तिथे मुलाबाळांसह रविवारचं जेवण होतं, अंत्यविधीनंतर माणसं तिथेच जमतात, क्रिकेट संघाची बैठक तिथेच होते. नुसती कॉफी घेऊन तासभर बसलं तरी कुणाला वावगं वाटत नाही. चर्च आणि शाळा मागे पडत गेल्या तसा पबवरचा हा भार वाढत गेला. तरीही माझं प्रामाणिक मत असं की गावाने वास्तू घ्यावी ती तिथल्या दुकानासाठी, ग्रंथालयासाठी, बसायच्या जागेसाठी. बिअर हा तो सगळा खर्च भागवणारा धंदा समजावा. हडस्वेलने तेच केलं.

'हे पॅरिश कौन्सिलचं काम नाही का?'

पॅरिश कौन्सिल हा इंग्लंडच्या स्थानिक कारभाराचा सर्वांत खालचा थर. १८९४ च्या कायद्याने तो तयार झाला. आज अशी सुमारे दहा हजार कौन्सिलं आहेत. सदस्यांना पगार नसतो, कारकून तेवढा पगारी. घरपट्टीसारख्या कौन्सिल टॅक्समध्ये स्वतःचा छोटा वाटा जोडून ते पैसे उभे करतात. खेळाचं मैदान, बसथांब्याची शेड, दफनभूमी, भाजीचे वाफे ही त्यांची कामं. कुठे बांधकाम होणार यावर त्यांचं मत विचारलं जातं, निर्णय मात्र वरचं प्रशासन घेतं. हडस्वेलच्या बाबतीत ते प्रशासन म्हणजे नॉर्थ यॉर्कशायर कौन्सिल. एप्रिल २०२३ मध्ये जिल्हा कौन्सिलं विलीन करून ते एकच केलं गेलं, आणि क्षेत्रफळाने इंग्लंडमधल्या सर्वांत मोठ्या काउंटीचा बहुतेक कारभार त्याच्याकडे आहे. एका गावाच्या पबकडे लक्ष द्यायला ते फार दूर आहे.

पॅरिश कौन्सिल मालमत्ता घेऊ शकते, परवानगीने कर्जही काढू शकते. छोट्या गोष्टी तर ती सुरेख करते. ब्रिटिश टेलिकॉमने २००८ पासून वापरात नसलेले लाल टेलिफोन बूथ स्थानिक संस्थांना एका पौंडात द्यायला सुरुवात केली. सॉमरसेटमधल्या वेस्टबरी-सब-मेंडिप गावाची फिरती ग्रंथालयाची गाडी बंद झाली, तेव्हा २००९ मध्ये तिथल्या बूथमध्ये फळ्या ठोकून पुस्तकं मांडली गेली. आता कितीतरी गावांत त्या बूथमध्ये पुस्तकं किंवा हृदयाचे ठोके पूर्ववत करणारं यंत्र असतं. पण काही लाख पौंडांची इमारत करदात्यांच्या पैशाने घ्यायची म्हणजे नको असलेल्यालाही त्यात ओढणं आलं. सोसायटीत ज्याला वाटतं तोच पैसे घालतो.

'मग हा पैसेवाल्या निवृत्तांचा खेळ झाला!'

हा आक्षेप मला सगळ्यांत जास्त बोचतो, कारण त्यात तथ्य आहे. शेअर घ्यायला शिल्लक लागते. संस्था नोंदवायला, अर्ज लिहायला, बँकेशी बोलायला वेळ आणि सवय लागते. निवृत्त वकील, लेखापाल, शिक्षक ज्या गावात राहतात तिथे हे जमतं. बंद पडलेल्या खाणींच्या गावात, जिथे गरज जास्त आहे, तिथे ते फार अवघड जातं.

ही दरी भरायला सरकारी पैसा लागतो. २०२१ मध्ये सरकारने त्यासाठी १५ कोटी पौंडांचा 'कम्युनिटी ओनरशिप फंड' सुरू केला होता. डिसेंबर २०२४ मध्ये तो नव्या अर्जांसाठी बंद झाला. सात महिन्यांनी पहिल्या हक्काचं विधेयक आलं. म्हणजे हक्क मोठा होतोय, पण गावांनी ज्यातून पैसे घेतले असते ती थैली बांधून ठेवली गेली. पहिला हक्क वापरायला बाजारभावाइतका पैसा लागतो, आणि तो नसलेल्या गावाला मुदत सहा महिन्यांची दिली काय नि बारा महिन्यांची दिली काय.

पब वाचला, पण गिऱ्हाईक कुठून आणायचं?

सुटीचं दुसरं घर ही सुंदर गावांची मोठी डोकेदुखी. शहरातलं कुटुंब गावात घर घेतं, वर्षातून काही आठवडे येतं. बाकीचा काळ खिडक्या अंधारात. शाळेला त्या घरातून मूल मिळत नाही, दुकानाला स्वयंसेवक मिळत नाही. दुसऱ्याच एका कायद्यामुळे एप्रिल २०२५ पासून इंग्लंडमधल्या स्थानिक प्रशासनांना अशा घरांवर दुप्पट कौन्सिल टॅक्स लावता येतो, आणि नॉर्थ यॉर्कशायरने पहिल्याच वर्षापासून तो लावला. पण ज्याला दोन घरं परवडतात त्याला हा करही बहुधा परवडतो.

भाड्याची सरकारी घरंही गावांतून कमी झाली. १९८० च्या गृहनिर्माण कायद्याने भाडेकरूंना ती सवलतीत विकत घ्यायचा हक्क दिला. कितीतरी कुटुंबांना त्यातून हक्काचं छप्पर मिळालं. पण पुढे ती घरं पुन्हा विकली गेली, तेव्हा तिथे जन्मलेल्या तरुणांच्या आवाक्याबाहेर गेली. पबमध्ये स्वयंपाक करणारी मुलगी, शेतावर मेंढ्या बघणारा मुलगा, म्हाताऱ्यांची काळजी घेणारी परिचारिका, ही सगळी माणसं मग दूरच्या शहरातून गाडीने ये-जा करतात.

हडस्वेलमध्ये यावरही काम झालं आहे. गावाचा जुना धर्मादाय न्यास घरं बाळगून आहे आणि ती स्थानिकांना परवडणाऱ्या भाड्याने देतो. पब उघडल्यानंतरच्या काळात त्याने नवी घरंही बांधली. इतर ठिकाणी गावं जमिनीसाठी न्यास काढतात, म्हणजे जमीन कायम न्यासाची आणि घर भाड्याने. नियोजनाच्या नियमांतही एक वाट आहे: गावाच्या कडेला जिथे एरवी बांधकामाला मनाई असते, तिथे स्थानिकांसाठीच्या स्वस्त घरांना अपवाद म्हणून परवानगी मिळू शकते. मात्र जमीनमालक स्वस्तात जमीन द्यायला राजी हवा, आणि त्यासाठी न्यासाच्या लोकांना वर्षानुवर्षं त्याचे उंबरठे झिजवावे लागतात.

पहिल्या हक्काचा इथे काही उपयोग नाही. ज्या यादीच्या आधारावर तो उभा आहे, त्या यादीच्या नियमांत राहती घरं वगळलेली आहेत. पबच्या वरच्या मजल्यावर चालकाचं बिऱ्हाड असेल तर चालतं, पण नुसतं घर यादीत घालता येत नाही. शेजारचं घर सुट्टीसाठी विकलं जाताना गाव आजही नुसतं बघत राहतं.